गोव्यावरच्या आकाशाचे वेळापत्रक जाहीर करा

प्रति,
माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीरपणे सांगितले होते की, भारताच्या आकाशापैकी ६० टक्केच भाग नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येतो आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांचा फायदा होईल. त्यानंतर काहीच झाले नाही असे मी म्हणणार नाही. देशात बरेच मार्ग सरळ झाले. पण लष्करी वापरासाठी राखलेल्या आकाशाचा एक मोठा तुकडा आमच्या डोक्यावर आणि आमच्या समुद्रावर आहे, आणि माझे म्हणणे त्याच्यापुरते आहे.

मी हवाई वाहतूक नियंत्रणातून निवृत्त झालो, आता पेडण्यात राहतो. गोव्यात विमानांचा विषय निघाला की बोलणे उत्तर गोव्यातला मोपा विमानतळ की दक्षिण गोव्यातला दाबोळी यावर येऊन थांबते. मला आधी बोलायचे आहे ते ३० हजार फुटांवरून, गोव्यात न उतरता निघून जाणाऱ्या विमानांबद्दल.

नकाशा समोर घेतला तर ध्यानात येईल. मुंबईहून कोची, कण्णूर, तिरुवनंतपुरमकडे जाणारी विमाने किनारा धरून दक्षिणेला जातात. आखातातून बंगळुरू-चेन्नईकडे आणि त्याही पलीकडे जाणारी विमाने अरबी समुद्र ओलांडून हाच किनारा आडवा कापतात. उभी आणि आडवी वाहतूक कुठेतरी छेदणारच. छेदते तिथे दोघांना एक लेव्हल, म्हणजे उड्डाणाची ठरवून दिलेली उंची, देता येत नाही, मग एकाला खाली ठेवावे लागते. इंधन भरलेले जड विमान सुरुवातीला फार उंच जाऊ शकत नाही. इंधन जळून हलके होत जाईल तसे त्याला वर चढायचे असते. नेमक्या त्या वेळी वरची लेव्हल अडलेली असली की ते खालच्या दाट हवेत जास्त इंधन जाळत राहते. एअरबस ए-३२० जातीचे विमान मिनिटाला साधारण ४० किलो इंधन पिते. तेव्हा पाच-सात मिनिटांचा वळसा ही किरकोळ गोष्ट नव्हे.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणारी बरीच वाहतूक गुजरातवरून अरबी समुद्रावर उतरली. २०१९ मध्येही काही महिने हेच झाले होते. म्हणजे शेजाऱ्याने दार लावले की मुंबईच्या हवाई माहिती क्षेत्रावर, म्हणजे मुंबईचे नियंत्रक सांभाळतात त्या आकाशावर, भार वाढतो. ते दार कधी लागेल हे आपल्या हातात नाही. स्वतःच्या आकाशातला राखीव भाग रिकामा असेल तेव्हा वापरणे मात्र आपल्या हातात आहे.

इथे नौदलाला दोष द्यायचा नाही. दाबोळीची धावपट्टी आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळाची आहे. तिथून मिग-२९के लढाऊ विमाने उडतात, विमानवाहू नौकेवर उतरण्या-उडण्याचा सराव करण्याची किनाऱ्यावरची सोय तिथेच आहे, आणि २०२२ पासून पी-८आय टेहळणी विमानांचे पथकही तिथे आहे. या मंडळींना जागा लागते आणि ती मिळालीच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, सराव नसतो त्या तासांत ती जागा कोणाच्या कामी येते?

कागदावर याचे उत्तर आहे. ‘फ्लेक्सिबल यूज ऑफ एअरस्पेस’, म्हणजे आकाश लष्कर आणि नागरी विमानांनी गरजेप्रमाणे वाटून वापरण्याच्या धोरणाखाली कंडिशनल रूट, म्हणजे अटींवर खुले होणारे मार्ग असतात आणि त्यांचे तीन प्रकार असतात. पहिल्या प्रकारचा मार्ग ठरलेल्या वेळांत कायम मिळतो, त्यामुळे विमान कंपनी तो आपल्या फ्लाइट प्लॅनमध्ये घालू शकते. दुसऱ्याची उपलब्धता रोज आदल्या दिवशी कळते. तिसरा प्रकार प्लॅनमध्ये घालताच येत नाही. विमान हवेत असताना, पलीकडच्या लष्करी कंट्रोलरने फोनवर होकार दिला तर नियंत्रक वैमानिकाला म्हणतो, ‘डायरेक्ट जा’.

वैमानिक खूश होतो, नियंत्रकालाही बरे वाटते. पण कंपनीने इंधन भरले ते लांबच्या मार्गाचे. ते ओझे वाहून नेण्यातच काही इंधन जळले, आणि भरगच्च विमान असेल तर त्यापायी चार पेट्या माल खाली राहिला. अचानक मिळालेला जवळचा रस्ता अर्धाच फायद्याचा असतो. आपल्या खात्याच्या सादरीकरणांत असे सगळे मार्ग एकाच रंगात दाखवले जात असतील तर कृपया ते तीन रंगांत दाखवायला सांगा. खरे चित्र तेव्हा दिसेल.

म्हणून माझी मागणी नकाशावर नव्या मार्गांच्या रेषा ओढण्याची नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये भारतात २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात विमानांमधले उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फुटांवर आणले गेले आणि सात लेव्हलच्या तेरा झाल्या. तेव्हा आकाश वाढले नव्हते, शिस्त वाढली होती. आता तीच शिस्त वेळेच्या बाबतीत हवी. गोव्याच्या परिसरातल्या राखीव क्षेत्रांतून जाणारे उंचावरचे मार्ग रात्री, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पहिल्या प्रकारात आणा, म्हणजे ते आधीच प्लॅन करता येतील. सराव रद्द झाला तर ती जागा तासाभरात नागरी बाजूला मिळावी. सराव ज्या उंचीपर्यंत आहे तेवढीच उंची बंद ठेवा, वरची नको. आणि राखून ठेवलेले तास किती व प्रत्यक्ष वापरलेले किती, याचा हिशेब दर तिमाहीला प्रसिद्ध करा. यात कोणते विमान काय करत होते हे सांगायची गरज नाही, म्हणून सुरक्षेचे कारण पुढे करता येणार नाही.

आणखी एक, जे दिल्लीत बसून सुचत नाही. पावसाळ्यात खाली पश्चिमेचा वारा झोडपत असतो, पण विमाने उडतात त्या उंचीवर आमच्याकडे पूर्वेकडून वारा वाहतो. जुलैत आखाताकडे जाणाऱ्या विमानाला तो पाठीशी असतो, परतताना तोंडावर. हिवाळ्यात हे बरेचसे उलटते. त्यामुळे बारा महिने एकच रेष सोयीची नसते. समुद्रावरच्या मार्गांसाठी जून ते सप्टेंबर वेगळा नकाशा असायला हरकत काय? त्याच महिन्यांत ढगांचे मनोरे टाळायला वैमानिक वाट बदलून मागतात, आणि शेजारचे क्षेत्र राखीव असेल तर वळायलाही जागा नसते.

आता खालचे. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे जेटला काही मिनिटे. वरचे मार्ग बदलले की उतरणीची सुरुवातही बदलते. ती दोन्ही विमानतळांसाठी एकत्र आखली नाही तर वर वाचवलेले इंधन खाली घिरट्या घालण्यात जाईल. नौदल, विमानतळ प्राधिकरण आणि मोपाचे लोक रोज एका टेबलाशी बसतील अशी व्यवस्था गोव्यातच करा, दिल्लीच्या समितीतून हे रोजचे काम होत नाही. आणि कृपया या पुनर्रचनेच्या आडून दाबोळीची नागरी वाहतूक गुपचूप आटवू नका. दक्षिण गोव्यातल्या माणसांना ही शंका आहे आणि ती लेखी शब्दाशिवाय जाणार नाही.

राखीव आकाशाच्या चाव्या संरक्षण मंत्रालयाकडे आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणून या पत्राची प्रत माननीय संरक्षण मंत्र्यांनाही पाठवत आहे. वरच्या मागण्यांपैकी एकच आधी करायची असेल तर तिमाही हिशेबाची करा. तिला नवे रडार लागत नाही, नवा निधीही लागत नाही.

आपला,
एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक
पेडणे, गोवा