मनाली-लेह : धोका भिंतींचा नव्हे, वितळणाऱ्या पाण्याचा

संपादक महोदय,

मनाली-लेह रस्ता खुला झाला की पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून दुचाकीस्वारांचे गट निघतात. तयारीत ऑक्सिजन, थर्मल, हातमोजे सगळं येतं. रस्त्याच्या पृष्ठभागाविषयी मात्र फारसं कोणी विचारत नाही.

सीमा सडक संघटना बर्फ कापून वाट मोकळी करते, पण कडेच्या बर्फाच्या भिंती पुढे कित्येक आठवडे वितळत राहतात. ते पाणी दिवसा डांबरावरून वाहतं आणि रात्री तिथेच गोठतं. या रस्त्यावरची बारालाचा ला ही खिंड सुमारे ४,८९० मीटरवर आहे. त्याच्या चढावर सकाळी सावलीतलं वळण ओलं चकाकत असेल आणि पुढच्या गाडीच्या चाकातून तुषार उडत नसतील, तर तो बर्फाचा पापुद्रा आहे. त्यावर पुढचा ब्रेक लावू नये, गाडी कलवू नये, थ्रॉटल एकदम सोडू नये. वेग त्याआधी, कोरड्या डांबरावरच कमी केलेला हवा. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण बर्फावर पकड तेही देऊ शकत नाही.

दुपारचा धोका वेगळा. ऊन चढलं की खिंडीच्या अलीकडच्या झिंगझिंगबार या ठिकाणाजवळचे नाले फुगतात. सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागू शकतं, आणि तळाचे गोटे दिसेनासे होतात. आधी उभं राहून ट्रक कुठून जातो ते पाहावं आणि त्याच्याच चाकोरीतून पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, एकसारख्या थ्रॉटलवर जावं. खोल पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारूच नये. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी, फिल्टरचा डबा उघडून पाहावा, प्लग काढून पाणी बाहेर टाकावं. पलीकडे गेल्यावर दोन्ही ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवून सुकवावेत. मुक्कामी चेनला तेल द्यावं.

पाण्याने वाहून आणलेली बारीक खडी उताराच्या वळणांवर साचते, तिकडेही लक्ष हवं.

सहल आयोजकांना आग्रहाची विनंती : खिंडीआधीच्या मुक्कामाच्या गावाहून, जिस्पाहून, नाश्ता करून नऊला निघणं थांबवा. सातच्या सुमारास निघा, सावलीतल्या वळणांवर वेग तीसच्या आत ठेवा आणि मोठे नाले अकराच्या आत ओलांडा. तेवढ्यासाठी एक मुक्काम वाढला तरी वाढू द्या.

आपला,
एक दुचाकी प्रशिक्षक, पुणे