तक्रारीची पोहोच द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातील यंत्रमाग आणि टॉवेल कारखान्यांत कामगाराची तक्रार बहुधा पाळी बदलताना, मागांच्या खडखडाटात मुकादमाच्या कानाशी ओरडून सांगितली जाते आणि ‘बघू’ या उत्तरावर संपते. महिन्याभराने विषय पुन्हा निघाला, तर ‘मला कोणी सांगितलेच नव्हते’ असे मुकादम म्हणतो, आणि पुष्कळदा तो खोटे बोलत नसतो. त्या गोंगाटात त्याला धड ऐकूच आलेले नसते. अशाच एका कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून काम करीत असल्याने मला सुचवावेसे वाटते की, तक्रार लेखी असावी आणि ती घेणाऱ्याने दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून सही करावी.

‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढेच लिहिलेल्या अर्जावर वरिष्ठाला काहीच करता येत नाही. याउलट, अमुक तारखेच्या रात्रपाळीत अमुक क्रमांकाच्या मागावर बीमचा (सूत गुंडाळलेल्या रुळाचा) ताणा, म्हणजे उभा धागा, वारंवार तुटत होता, ते त्याच वेळी मुकादमाला दाखवले होते, तरीही खराब मालापोटी पगारातून रक्कम कापली गेली, ती परत मिळावी, असा अर्ज आला, तर त्या बीमची सायझिंगची (सुताला खळ देण्याची) नोंद त्याच दिवशी काढून बघता येते. नुकसानीपोटी कपात करण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, हे तर कायद्यातच आहे; पण ही संधी मागता येते, हेच अनेकांना ठाऊक नसते. शिवाय आपल्याकडे पूर्व भागातील कितीतरी कामगार घरात तेलुगू बोलतात, काहींची भाषा कन्नड आहे. मराठीत अर्ज लिहिता येत नाही म्हणून गप्प बसणारे मी रोज पाहतो. त्यांनी आपल्या भाषेत लिहिले, तर ते वाचून देणारा माणूस सोलापुरात कोणत्याही खात्यात सापडेल.

मुकादमाविरुद्धच तक्रार असेल, तर ती त्याच्याकडे देण्यात अर्थ नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. तीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान असावे आणि अर्ज आल्यापासून 30 दिवसांत चौकशी पूर्ण व्हावी, अशी तरतूद आहे. लैंगिक छळाची तक्रार मात्र या समितीपुढे न नेता 2013 च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत द्यावी. दहापेक्षा कमी माणसे असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

खरी अडचण उचलीची आहे. लग्नासाठी किंवा आजारपणासाठी मालकाकडून उचल घेतलेला कामगार सहीनिशी तक्रार करायला धजत नाही, आणि केलीच तर ‘आधी पैसे फेड’ हे ऐकावे लागते. उचलीचा हिशेब वेगळा आणि तक्रार वेगळी, हे कारखानदारांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना स्पष्ट बजावायला हवे. समिती सदस्यांची नावे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही गेटवर लावावीत. त्याला खर्चही फारसा येत नाही.

वीसपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांत ही समिती बंधनकारक नाही आणि तेथे बहुतेक वेळा मालकच मुकादम असतो. तेथील कामगाराला थेट सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे लागते. अशा वेळी मालकाला दिलेल्या पहिल्या अर्जाची सही असलेली प्रत सोबत असली, तर मागणी काय होती आणि ती केव्हा केली होती, यावर वाद घालण्यात सुनावणीची पहिली तारीख वाया जात नाही.

आपला विश्वासू,
एक पर्यवेक्षक,
अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहत, सोलापूर