मोंतोनेहून आल्यावर माणगावच्या मित्रास

श्टुटगार्ट,
जुलैअखेर

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतास, एवढ्या लांब एकटाच कशाला गेलास? तिथे काही धड सांगता आलं नाही. म्हणून आज लिहायला बसलोय. पत्र लांबेल, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाच.

जर्मनीतून ऑस्ट्रिया, मग आल्प्स ओलांडून इटलीत उंब्रियापर्यंत, परतताना स्लोव्हेनिया, पुन्हा ऑस्ट्रिया आणि घर, अशी वाट ठरवली होती. गाडी म्हणजे माझी मोटरसायकल, ३९० अ‍ॅडव्हेंचर. नाव केटीएमचं, कंपनी ऑस्ट्रियाची, पण गाडी बांधली आपल्या चाकणला. ३७३ सीसी, एक सिलिंडर. इथे हजार-बाराशे सीसीच्या गाड्या सरसर पुढे निघून जातात, पण घाटात जोरापेक्षा हलकेपणा कामी येतो. लायसन्सचं तुला माहीतच आहे, इथे राहायला आल्यावर भारतातलं सहा महिनेच चालतं, पुढे परीक्षा. तिच्या तयारीसाठी मी शहराबाहेरच्या रस्त्यांवर, ऑटोबानवर (इथल्या द्रुतगती महामार्गांवर) आणि अंधारात धडे घेतले. शिकवणारा मागून कारमधून येतो आणि कानातल्या स्पीकरवरून बोलत राहतो. त्याचं एक वाक्य सगळ्या प्रवासात सोबत होतं: जिथे जायचंय तिकडे बघ, गाडी तुझ्या नजरेमागून येते.

ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात शिरलो तेव्हा पाऊस होता. तिथल्या रॉयटे जिल्ह्यात उन्हाळ्यात, ऑक्टोबरअखेरपर्यंत, ठरावीक रस्त्यांवर ९५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजाच्या मोटरसायकलींना बंदी असते. आवाजाचा आकडा गाडीच्या कागदांवरच छापलेला असतो, पोलीस तोच बघतात. इथले बरेच गाडीवाले या नियमावर चिडून आहेत. मला तो मनापासून पटला. पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणीत सायलेन्सर बदललेल्या गाड्या काय करतात ते आपण ऐकलंय, आणि त्या घाटात राहणारी माणसं ते कसं सोसतात तेही पाहिलंय.

रेशेन खिंड ओलांडली की इटली. नाक्यावर कोणी थांबवत नाही, पाटी तेवढी बदलते. लगेच एक मोठं तळं लागतं आणि त्याच्या पाण्यातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो. १९५० मध्ये धरणासाठी ग्राउन गाव बुडवलं, घरं पाडली, मनोरा तेवढा राहिला. आजूबाजूला लोक फोटो काढत होते. माझ्या डोळ्यांसमोर मुळशीचं पाणी आलं. १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, आणि तरीही पाण्याखाली गेलेली ती गावं. मी तिथे बराच वेळ काठावर बसून राहिलो. सोबत कोणी असतं तर एवढा वेळ बसू शकलो नसतो, आणि कोणाला कारण सांगत बसायचीही इच्छा नव्हती. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

मग स्टेल्वियो. २७५७ मीटर. ऑस्ट्रियन साम्राज्याला लोंबार्दीपर्यंत रस्ता हवा होता, तेव्हा कार्लो दोनेगानी या इंजिनियरने १८२० ते १८२५ या काळात हा घाट बांधला. प्राद गावाकडून चढताना ४८ हेअरपिन वळणं लागतात आणि प्रत्येकावर क्रमांकाचा दगड आहे. आपल्याकडे घाट चढताना डावीकडची वळणं आवळ असतात, कारण आपण डावीकडून चालतो. इथे सगळं उलट. उजवं वळण आतल्या अंगाला, अगदी चिंचोळं आणि उभं. समोरून बस येत असेल तर ती अख्खा रस्ता खाते. पहिल्या गिअरात, अर्ध्या क्लचवर, मागचा ब्रेक हलका धरून, मान पार खांद्यावरून वळवून पुढच्या पट्टीकडे बघायचं. दहाएक वळणांनंतर हात-पाय आपोआप करू लागतात आणि मग जी मजा येते, ती तुला वेगळी सांगायला नको. वर जुलैतही रस्त्याच्या कडेला बर्फ होता. पहिल्या महायुद्धात याच शिखरांवर इटली आणि ऑस्ट्रियाचे सैनिक समोरासमोर ठाण मांडून होते. तिथे हातमोज्यांतून बोटं गारठत होती, तेवढ्या एका अनुभवावरून त्या सैनिकांच्या हिवाळ्याची कल्पना करवेना.

खाली पो नदीचं मैदान. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मका, ट्रक, सरळ रस्ते आणि रायडिंग जॅकेटच्या आत भाजून काढणारी उन्हं. ते एका दमात कापून मी फ्लॉरेन्सच्या पूर्वेला अ‍ॅपेनाइन डोंगरांत शिरलो आणि जंगलातल्या बारक्या घाटांनी दक्षिणेला उतरलो. मला १० जुलैला मोंतोनेला पोचायचं होतं. तारीख वाचून तुझ्या लक्षात आलंच असेल.

शाळेत जाता-येता तहसील कचेरीपाशी यशवंतराव घाडग्यांचा पुतळा आपण रोज बघायचो. व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), इटली, १९४४, एवढं पाठ होतं. इटली म्हणजे नकाशावरचा बूट, त्यापलीकडे काही नाही. बंड्या, ती जागा मी पाहिली. टायबर नदीचं वरचं खोरं. रोममधून जाते तीच टायबर, पण इथे ती लहान आहे, काठाने पॉप्लरची झाडं. दोन्ही बाजूंना ऑलिव्हचे उतार, आणि एका टेकडीवर तटबंदीच्या आतलं मोंतोने. त्या उतारांवर लपायला जागा किती थोडी आहे, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. १० जुलै १९४४ ला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतल्या त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. ते सोडून तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी. ते एकटे त्या मशिनगनवर धावून गेले, हातबॉम्बने ती बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी तिने झोडपून ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय २२. पळसगावचा मुलगा. त्यांना ज्ञात कबर नाही. नाव दूर दक्षिणेला कसिनोच्या स्मारकावर कोरलंय.

मोंतोनेच्या लोकांनी २०२३ मध्ये त्यांचं स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्याचं लॅटिन ब्रीद आहे. मी फुलं घेऊन गेलो होतो. ती ठेवली आणि मोठ्याने 'माणगावहून आलोय' म्हणालो. मराठीत. जवळच्या बारबाहेर बसलेले एक आजोबा उठून आले. मला इटालियन मोडकंतोडकं येतं, त्यांना इंग्रजी अजिबात नाही. तरी मी त्याच गावचा आहे हे त्यांना समजलं, तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. कॉफीचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. सगळ्या वाटेवर एकटं असणं मला योग्यच वाटलं होतं. तिथे मात्र तू शेजारी हवा होतास.

दुसऱ्या दिवशी मुरालियोनेचा घाट चढून फोर्लीला उतरलो. तिथे भारतीय सैन्याचं दफनस्थान आहे. मुसलमान जवानांच्या कबरी, आणि ज्यांना अग्नी दिला त्या हिंदू-शीख जवानांची नावं स्मारकावर. मी यादीतली मराठा पलटणीची नावं बोटाने शोधत वाचली. पुढे सेन्यो नदीही मुद्दाम पाहिली. पाणी थोडं, पण दोन्ही बाजूंना पुराचे उंच, उभे बांध. ९ एप्रिल १९४५ ला नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव याच नदीत उतरले. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर आणलं आणि पुन्हा जाऊन मशिनगनची ठाणी उडवली. मग बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना पुढे बोलावलं. इटलीतल्या लढाईत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे, आणि त्यांतले हे दोन आपल्या मातीतले. मोटरसायकलवरून जाताना या जागांमधलं अंतर अंगाने कळतं. एवढ्या वाटेने ती माणसं चालत आणि लढत वर सरकत होती.

स्लोव्हेनियातल्या सोचा नदीचा हिरवा रंग मी काही शब्दांत बसवू शकत नाही, फोटो पाठवतो. तिथून व्रशिच घाट, १६११ मीटर, ५० वळणं. १९१५ मध्ये रशियन युद्धकैद्यांकडून तो बांधून घेतला, आणि १९१६ च्या मार्चमध्ये हिमकडा कोसळून त्यांतले कित्येक गाडले गेले. त्यांच्या सोबत्यांनी बांधलेलं लाकडी चर्च रस्त्यालगत आहे. उत्तरेकडच्या वळणांवर अजून दगडी फरसबंदी आहे, ओली झाली की फार घसरते. शेवटी ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनर. टोल भरावा लागतो, रस्ता सुंदर आहे, पण गर्दी फार. थकलोही होतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं. एकट्या माणसाशी लोक बोलतात. टोळक्याला कोणी जागा देत नाही, एकट्याला टेबलावर सरकून बसवून घेतात. आणि समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला डावा हात खाली सोडून नमस्कार करतो, कुठल्या देशाचा, कुठली गाडी काही न बघता. तो माझ्या एकट्यासाठी असतो, त्यामुळे तो परत करायला मी कधीच चुकलो नाही.

म्हणून तू ये. पेणच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ, तो वर्षभर चालतो. शेंगेन व्हिसावर हे सगळे देश होतात. गाडी म्युनिकला भाड्याने मिळते. माझं म्हणणं असं, की दोघांनी वेगळ्या वाटांनी निघावं. तू ब्रेनरवरून उतर, ती खिंड सोपी आहे. मी दुसरीकडून येतो. आणि १० जुलैला मोंतोनेला भेटू. काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग, आणि पासपोर्टची मुदत बघून लगेच कळव.

तुझाच,
शाळेतला बाकमित्र