न्हाणीघर आता आतच

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणून विषय मिटवतात आणि आईचा आवाज भरून येतो, म्हणून सगळं लिहूनच काढते. आधी मुख्य गोष्ट. मागच्या दारचं न्हाणीघर आणि संडास आता आत, माजघराला लागून कोठीच्या खोलीत येणार. गवंड्याला आगाऊ पैसे दिलेत, सोमवारी तो कामाला लागेल. बाबा, आजीची कोठी म्हणून तुमचा जीव तुटेल हे मला ठाऊक आहे. तिथली मोठी पितळी पातेली आणि फडताळ पोटमाळ्यावर जाईल, एकही वस्तू मोडीत जाणार नाही.

तुम्हाला पुण्याला आणायचं माझ्या मनात आलं नाही असं समजू नका. कितीदा तरी आलं. पण इथे तिसऱ्या मजल्यावर तुम्ही दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसून राहाल आणि आहे ते चालणंही जाईल. तिथे निदान ओटीवरून खळ्यात, खळ्यातून बेड्याच्या फाटकापर्यंत पाय हलतात, चार माणसं हाक मारतात. म्हणून तुम्हाला हलवण्यापेक्षा घरच तुमच्याजोगं करावं असं ठरवलं. आत्याच्या वेळी जे झालं ते मला पुन्हा नको आहे.

बाबांच्या मेंदूच्या एमआरआयच्या रिपोर्टातल्या पांढऱ्या डागांबद्दल आई मला विचारतच नाही, नुसती देवापुढे दिवा लावते. आई, ती गाठ नाही, कॅन्सर नाही. मेंदूच्या आतल्या भागात इकडचे निरोप तिकडे नेणारे तंतू असतात. त्यांना रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या फार बारीक आणि लांब. ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं चढं राहिलं की त्यांच्या भिंती जाड नि कडक होतात. बाबा, आगरात पाट गाळाने भरला की टोकाच्या पोफळीपर्यंत किती पाणी पोचतं ते तुम्हाला मी काय सांगू! तसं तिथे रक्त कमी पडतं आणि ते तंतू झिजतात, तेच हे पांढरे डाग. पायांकडे जाणारे बरेच तंतू मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेने जातात, आणि डाग तिथेच जास्त धरतात.

गणपतीत मी पाहत होते. पडवीच्या खांबाशी वळताना बाबा खांबाला हात लावतात, थबकतात, मग जागच्या जागी चार-पाच आखूड पावलं टाकून वळतात. उजवी चप्पल घासते. गुडघे तर डॉक्टरांनी चांगले सांगितलेत, म्हणून नुसतं तेल चोळून हे जाणार नाही. रात्री लघवीची एकदम घाई होते, तीही पुष्कळदा यातूनच. त्यात संकोच कसला? पण त्या घाईत, अंधारात, पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या उतरायच्या, हे मला सहन होत नाही. न्हाणीघराचा हट्ट त्यासाठीच आहे.

बाबा म्हणतात, वय झालं, चालायचंच. वयानं डाग येतात हे खरं, पण हातात काही नाही हे खरं नाही. अमेरिकेत ७५ आणि त्यापुढच्या १९९ जणांवर ३ वर्षं अभ्यास झाला, २०१९ मध्ये तो छापून आला. ज्यांचं वरचं प्रेशर दिवसरात्रीच्या सरासरीने १३०च्या आसपास ठेवलं, त्यांच्यात डागांची वाढ १४५च्या आसपास ठेवलेल्यांपेक्षा कमी झाली. चालण्याच्या वेगात मात्र तेवढ्या काळात फरक दिसला नाही, तेही सांगते, नाहीतर महिनाभरात "गोळीनं काय झालं?" म्हणाल. चालण्यासाठी चालायलाच हवं. २०१४ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात ७० ते ८९ वयाच्या सोळाशेवर माणसांपैकी ज्यांनी नेमाने चालणं, पायांची ताकद आणि तोल यांचा व्यायाम केला, त्यांच्यात ४०० मीटर चालणं अशक्य होण्याचं प्रमाण कमी राहिलं.

तेव्हा बाबा, बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही. आकडा रोज वहीत लिहा. अंथरुणातून एकदम उठू नका, कडेला बसा, मग उभे राहा. उभं राहिल्यावर चक्कर आली तर डॉक्टरांना सांगा, गोळी कमी-जास्त ते करतील. सकाळी खळ्यात फेऱ्या, मागे पट्टा असलेली चप्पल घालून. पाखाडीच्या पायऱ्या एकट्याने उतरायच्या नाहीत, नारळ मोजायलासुद्धा नाही. आई, चालताना त्यांना मागून हाक मारू नकोस, बोलता बोलता पाय थांबतात आणि तोल जातो. पापड, खारातल्या मिरच्या, सुकवलेल्या बोंबलांची चटणी रोज नको. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ. मऊभातावर तूप घाल हवं तर थोडं, मी काही म्हणणार नाही. आणि कधी तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट न बघता शेजारच्यांची गाडी काढायला लावायची.

बाबा, एसटी गाठायला तुम्ही पाखाडी चढायचात तेव्हा मी तुमची करंगळी धरून पळत असायचे, आणि दम लागला की तुम्ही काही न बोलता मला खांद्यावर घ्यायचात. आता काठी घ्या म्हटल्यावर रागावता. बेताची, शिसवी, चांगली मुठीची पाठवली आहे. वापरा हो.

आत कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे, खडबडीत फरशी, गरम पाण्याचा गीझर आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा असेल. उंबरठा काढायला सांगितलाय. आई, काम चालू असताना धूळ होईल, चूल पडवीत हलव. गवंड्याला चहा द्या, पण पैशांवरून हुज्जत घालू नका, ते माझ्याकडे आहे.

तुमची,
बेबी