चालवणं सोपं, नुसतं बघत बसणं अवघड

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाहनांच्या पानावर ‘स्वतः चालणाऱ्या’ गाड्यांविषयी लेख आला. ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात, तेव्हा माणूस स्टिअरिंगवरून जितका लवकर उठेल तितकं बरं, असा त्याचा सूर होता. मी ३१ वर्षं भुसावळ विभागात इंजिनावर काढली. आधी असिस्टंट, मग मालगाडी, शेवटी मेल-एक्स्प्रेस. चूक करणारा माणूस मी जवळून पाहिलाय, कारण बऱ्याचदा तो मीच होतो.

आधी त्या ९४चं सांगतो. हा आकडा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या २०१५च्या एका छोट्या टिपणातला. अपघाताच्या साखळीतली शेवटची कडी किती वेळा ड्रायव्हरकडे होती, एवढंच त्यात मोजलंय. ही कडी म्हणजे अपघाताचं कारण समजू नये, असं त्याच कागदावर लिहिलंय. ते वाक्य बहुतेक कुणी वाचत नाही.

आता माझी गोष्ट. डिसेंबर २००९, पहाटे तीनचा सुमार. कोळशाची ५८ वाघिणींची भरलेली रेक घेऊन अकोल्याहून भुसावळकडे येत होतो. जलंब मागे पडलं होतं, नांदुरा यायचं होतं. इंजिनात दक्षता यंत्र होतं. मिनिटभर ड्रायव्हरने हॉर्न, ब्रेक, थ्रॉटल कशालाच हात लावला नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, तरीही बटण दाबलं नाही तर ब्रेक लागतात. झोपलेल्या ड्रायव्हरला पकडायला केलेली ही युक्ती. पण कुणाही जुन्या ड्रायव्हरला विचारा, अंगठा झोपेतसुद्धा बटण दाबतो. त्या रात्री माझा अंगठा इमानेइतबारे काम करत होता.

असिस्टंटने आवाज दिला, “डिस्टंट पिवळा.” (डिस्टंट म्हणजे स्टेशनाआधीचा इशाऱ्याचा सिग्नल. तो पिवळा, म्हणजे पुढच्या होम सिग्नलला थांबायच्या तयारीने वेग तोडायचा.) मी म्हणालो, “पिवळा.” तोंडाने उत्तर दिलं, हात मात्र जागचा हलला नाही. त्या पोराने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या बाजूचा इमर्जन्सी ब्रेक ओढला. होम सिग्नल लाल होता. इंजिन दोन खांब अलीकडे थांबलं. लॉबीत, म्हणजे ड्रायव्हरांच्या हजेरीच्या कचेरीत, आल्यावर आम्ही दोघांनीही तोंड उघडलं नाही. निवृत्त झालोय म्हणून आज लिहितोय.

मी दारू प्यायलो नव्हतो, रजा नाकारली म्हणून रागात नव्हतो, अडाणी तर नव्हतोच. काहीच घडत नसताना कुणाला ‘लक्ष ठेव’ म्हणून बसवलं, की डोळे उघडे असूनही मन निघून जातं. दुसऱ्या महायुद्धात रडारसमोर बसलेल्या सैनिकांकडून खुणा का निसटतात, हे ब्रिटिश हवाई दलाला शोधायचं होतं. नॉर्मन मॅकवर्थने एक घड्याळ केलं. काटा ठराविक ठोक्याने पुढे सरकायचा, मध्येच एखाद्या वेळी दुप्पट उडी मारायचा. ती उडी टिपायची, बस. १९४८ साली त्याने निष्कर्ष छापले. पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष घसरायला लागत होतं. अर्धा तास! आमची ड्युटी किती तासांची असते ते सांगत बसत नाही.

माझी मुलगी नाशिकला अभियांत्रिकी शिकवते. अमेरिकेतल्या टेम्पी गावच्या अपघाताचा सरकारी अहवाल तिने मला छापून दिला. अपघातांचे अहवाल वाचायची मला रेल्वेमुळे सवय, पण या अहवालाने दोन दिवस जेवण गोड लागू दिलं नाही. १८ मार्च २०१८ची रात्र. उबरची चाचणीवरची गाडी स्वतः चालत होती आणि ‘नजर ठेवायला’ एक ड्रायव्हर आत होती. ४९ वर्षांची एक बाई सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती. यंत्राला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली. पण ते कधी तिला वाहन म्हणे, कधी सायकल, कधी ‘इतर काही’. आणि दर वेळी नाव बदललं की ती कुठून कुठे चाललीय हा आधीचा हिशेब पुसला जायचा. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्या यंत्राला शिकवलेलंच नव्हतं. (ते यंत्र आमच्या जामनेर रोडवर एक तास टिकलं असतं का?) धोका यंत्राला कळला तेव्हा १.२ सेकंद उरले होते. उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून त्याला सेकंदभर थांबायची आज्ञा होती. ड्रायव्हरच्या कानाशी इशारा वाजला तो धडकेच्या ०.२ सेकंद आधी. त्या गाडीचा कारखान्यातून आलेला आपत्कालीन ब्रेक चाचणीसाठी बंद ठेवला होता.

ड्रायव्हर मोबाइलवर कार्यक्रम बघत होती. तिच्यावर खटला झाला, २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला. तिची चूक मी झाकत नाही. पण चौकशी मंडळाने आणखी एक गोष्ट नोंदवली, ती माझ्या काळजाला लागली. आधी या गाड्यांत दोन माणसं असायची. अपघाताच्या काही महिने आधी कंपनीने एक कमी केला.

म्हणजे असिस्टंट काढून टाकला.

आता घरचं. गेल्या दिवाळीत जावयांनी नवी गाडी घेतली. पुढच्या गाडीमागे आपोआप जाणारी, रस्त्यावरचा आपला पट्टा (लेन) सुटू न देणारी. शोरूममधल्या मुलाने सनरूफ उघडून दाखवण्यात जितका वेळ घालवला, त्याच्या निम्माही या यंत्रणेवर घालवला नाही. “काका, गाडी स्वतःच सांभाळते,” एवढंच. जाड पुस्तिकेत मात्र पानोपानी लिहिलंय की जबाबदारी सर्वस्वी चालकाची.

समृद्धी महामार्गावर, जालन्याच्या पुढे, दुपारची वेळ. रस्ता सरळ, करडा, डोळ्याला काही काम नाही. वेग ११०च्या आसपास, पाय मागे घेतलेला. पुढची जीप अचानक बाजूच्या पट्ट्यात गेली आणि तिच्या आडून रांगत चाललेला ट्रेलर समोर आला. पुढची गाडी गेली म्हणजे रस्ता मोकळा, असं समजून आमच्या गाडीने वेग घेतला! जावयांनी ब्रेक दाबला, वाचलो. मागच्या सीटवरचा चिवड्याचा डबा पुढे येऊन फुटला. मी विचारलं, “तुम्ही कुठे होता?” ते म्हणाले, “बाबा, मी बघतच होतो हो.” मी काही बोललो नाही. नांदुऱ्याला मीही बघतच होतो.

गडकरीसाहेब म्हणतात, चालकविरहित गाड्या आपल्याकडे येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. चांगलंय. पण अर्धी चालकविरहित गाडी येऊन बसलीय, तिचं काय? मला तर अर्धीचीच भीती जास्त वाटते. पूर्ण यंत्राची असेल तर जबाबदारीही यंत्र करणाऱ्याची. अर्धीत सोपं काम यंत्र करतं, अवघड काम, तेही आयत्या वेळी, माणसाच्या गळ्यात. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रांबद्दल १९८३ सालीच हे लिहून ठेवलंय. माणसाचा हात रोजच्या कामातून काढून घेतला की त्याचा सराव जातो, आणि नेमका सराव लागतो तेव्हाच त्याला हाक मारली जाते.

मी यंत्राच्या विरोधात नाही. रेल्वेचं ‘कवच’ मला आवडतं. त्यात गाडी ड्रायव्हर चालवतो आणि यंत्र त्याच्यावर पहारा ठेवतं. लाल सिग्नल तो ओलांडायला निघाला तर ब्रेक मारतं. मोटारीतला आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक त्याच जातीचा. असा ब्रेक प्रत्येक गाडीत, ट्रकमध्ये आधी बसवा. माणसाला यंत्राचा पहारेकरी करू नका, त्याला ते जमत नाही.

आणि करायचाच असेल, तर तो जागा आहे की नाही हे डोळ्यांवरून ओळखणारा कॅमेरा हवा. बऱ्याच गाड्या नुसता स्टिअरिंगवरच्या हाताचा भार मोजतात. लोक तिथे पाण्याची बाटली लटकवून मोकळे होतात. आमच्या अंगठ्याचीच ही दुसरी आवृत्ती.

आपल्याला एक विनंती. आपल्या पानावर दर आठवड्याला नव्या गाडीचं परीक्षण येतं. मायलेज, डिकी, टचस्क्रीन किती इंचांचा, सगळं असतं. त्यात यापुढे एक ओळ वाढवावी: ही गाडी चालकाचे डोळे बघते की नुसता हात? आणि शोरूमने ही यंत्रणा किती मिनिटं समजावून सांगितली, हेही तुमच्या प्रतिनिधीने ग्राहक बनून, घड्याळ लावून मोजावं.

आपला वाचक,
एक निवृत्त लोको पायलट, भुसावळ