कामगाराला प्रश्न विचारायलाही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली. मनापासून आनंद झाला. ज्या 'उल्लास' कार्यक्रमातून हे घडले, त्यात लिहिणे-वाचणे हा पहिला भाग. आर्थिक आणि डिजिटल साक्षरता, व्यवसाय कौशल्ये, निरंतर शिक्षण हेही त्यातच येते. या पुढच्या भागाबद्दल मला लिहायचे आहे.

फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्यात मी २९ वर्षे मेन्टेनन्स फिटर होतो. शेवटी शेवटी सगळी यंत्रे पडद्यावर आली. प्रशिक्षण म्हणजे बाहेरून आलेला इंजिनिअर दोन तासांत सांगणार, हे बटण दाबा, ते दाबू नका, इथे सही करा. एका रात्रपाळीत थंड पाण्याच्या लाइनचे तापमान पडद्यावर चार तास ७.२ वरच होते. ऑपरेटरने दर अर्ध्या तासाने तो आकडा प्रामाणिकपणे रजिस्टरात उतरवला. पहाटे माल खराब निघाला. सेन्सर बंद पडला होता आणि पडदा शेवटचा आकडाच दाखवत बसला होता. वाहत्या पाण्याचे तापमान चार तास जराही हलणार नाही, असे होत नाही. हाच माणूस पूर्वी काट्याचे मीटर होते तेव्हा पाइपला हात लावून खात्री करायचा. पडदा आला आणि ते सुटले. पडद्यावरही शंका घ्यायची असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मेमो मात्र त्यालाच मिळाला. मला तो अन्याय आजही खुपतो.

दुसरा अनुभव शेजारचा. सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली-सत्तरीतले कितीतरी ट्रकवाले बसून राहिले. त्यांतला एक जण आता अॅपवर भाडी मारतो. मोबाइल त्याला रोजची कमाई ठळक दाखवतो. डिझेल, टायर, कर्जाचा हप्ता, रिकामे परतलेले किलोमीटर त्यात नसतात. एका रविवारी आम्ही वही घेऊन बसलो, तर आठवड्यातले दोन दिवस त्याने पदरमोड करून गाडी चालवल्याचे निघाले. हिशेब चौथीतल्या मुलाला यावा असा. 'या आकड्यात काय धरलेले नाही?' एवढे विचारायची सवय तेवढी नव्हती.

ऑनलाइन फसवणुकीचेही तेच. तक्रारीसाठीचा १९३० हा सायबर हेल्पलाइन क्रमांक पाठ असावाच, पण फसवणारा उद्या नवी गोष्ट रचून येईल; तेव्हा प्रश्न विचारायची सवयच कामी येईल.

आपल्या शाळांत २०२१ पासून कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना आहे, चांगलेच आहे. पण पंचेचाळिशीतल्या कामगाराला आता काय शिकवणार, हे वाक्य मी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांनी जत्रेच्या आधी कुठल्याही वाड्यावर यावे. दिवसभर पाळी करून आलेली माणसे रात्री देवळाच्या मंडपात तीन अंकी नाटक बसवतात. दिग्दर्शक त्यांना थांबवून विचारतो, 'हा माणूस आत्ता असं का बोलतो?' आणि ड्रायव्हर, फिटर, गवंडी त्यावर तासभर वाद घालतात. डोके चालते, कामावर ते चालवायला कोणी सांगत नाही.

कौशल्य विकास संचालनालयाला माझी विनंती आहे. आयटीआयच्या वर्गखोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. तिथे आठवड्यातून एकदा मराठी-कोकणीतून वर्ग घ्या. पुस्तक नको. कामगाराने स्वतःची पगाराची चिठ्ठी, विजेचे बिल, मोबाइलवर आलेला संशयास्पद मेसेज, यंत्राचे लॉगशीट आणावे. आधी अंदाज करावा, मग आकडा बघावा, जुळले नाही तर कारण शोधावे. आणि कारखानदारांनी त्या संध्याकाळची पाळी बदलून द्यावी. ओव्हरटाइम बुडवून शिकायला कोणी येणार नाही.

डिचोलीत असा वर्ग सुरू झाला तर यंत्रांच्या बाजूचे शिकवायला मी विनामोबदला येईन.

आपला,
एक निवृत्त मेन्टेनन्स फिटर, डिचोली