सव्वीस जुलै उलटल्यावर

महोदय,

दरवर्षी 26 जुलैला आमच्या सोसायटीत कारगिल विजय दिन साजरा होतो. शाल, नारळ, फोटो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घणसोलीतल्या एका इमारतीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसतो आणि गाडीची काच खाली करून कुणी पोरगा म्हणतो, ‘ए वॉचमन, गेट खोल.’

मी तोफखान्यातला निवृत्त हवालदार. 1999 साली द्रासला बोफोर्स तोफेवर होतो. सतरा वर्षांच्या नोकरीनंतर छत्तिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन कळव्याला आलो. पेन्शन वेळेवर येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वयात मुलं शाळेत असतात, म्हणून दुसरी नोकरी लागतेच. मुलाखतीत विचारलं, ‘कॉम्प्युटर येतो का?’ 155 मिलिमीटरचा गोळा कुठे पडेल याचं गणित येतं, असं सांगितलं. साहेब हसले. मीही हसलो म्हणा.

उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही, तरी दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की आजही हात आधी कानांवर जातात. बायको आता न बोलता खिडक्या लावून घेते. दवाखान्यात गुडघा, साखर, रक्तदाब सगळं तपासतात. झोप लागते का, हे इतक्या वर्षांत एकदाही कुणी विचारलेलं नाही.

सत्काराच्या खर्चातून ठाण्यात महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ बसवता येईल का? शाली घरात सात झाल्या आहेत.

– एक माजी सैनिक, कळवा (ठाणे)